गुंड्याचा पट्टा, माझी कंबर

३ ऑगस्ट, संध्याकाळी

आजपासून रोजनिशी. घरात मोठं काहीतरी घडणार आहे आणि त्याची नोंद ठेवणारं कुणीतरी हवं. बायको दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या अपॉइंटमेंट लिहिते. घरी आल्यावर नुसतं पेन दिसलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडतात. राहिलो मी.

तर, गुंड्याची निवड झाली. गुंड्या म्हणजे आमचा मुलगा. वय तेरा, स्वभाव शांत, वजन इथे लिहीत नाही. हॉस्पिटलचा प्रोजेक्ट आहे. अंगाने भरलेल्या मुलग्यांना चार महिने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल द्यायच्या आणि त्यांची उंची, खाणं, हालचाल असं सगळं मोजत राहायचं. अर्ध्या मुलांना खरं माशाचं तेल, अर्ध्यांना साधंच कसलंतरी. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. मग माहीत कुणाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, कॉम्प्युटरला.

गुंड्याला खरंच मिळणार. अशा बाबतीत माझं नशीब जोरावर असतं. उदाहरण आत्ता आठवत नाही.

६ ऑगस्ट

कॅप्सूल सुरू. गुंड्या नाक दाबून, डोळे मिटून गिळतो. बाटलीकडे असा बघतो जणू मीच ती भरली आहे.

बाप म्हणून खात्री करून घ्यावी, म्हणून एक मी घेतली. दिवसभर दुकानात माशाचे ढेकर. आमचं गाद्यांचं शोरूम एअरकंडिशन्ड आहे, त्यामुळे ढेकर बाहेर जात नाही, फिरत राहतो. एक जोडपं डबलबेडची गादी दाबून बघता बघता निघून गेलं. जाऊ दे. तेल अस्सल आहे हे सिद्ध झालं.

संकल्प: मुलाबरोबर आपणही बदलायचं. उद्यापासून पहाटे बागेत जोरदार चालणे.

७ ऑगस्ट

पाऊस नव्हता, थंडी नव्हती, पाय दुखत नव्हता. तरी जाग आली नाही. शरीर तयारी करत असावं.

९ ऑगस्ट

हॉस्पिटलातल्या मापवाली ताईचा फोन. वजनकाटा, उंचीची पट्टी, टेप हे सगळं तिच्याकडे, म्हणून गुंड्या तिला मापवाली ताई म्हणतो. तिला ढेकराचा पुरावा सांगितला. ती हसायला लागली. म्हणाली, ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही कॅप्सूलना वास लावलेला असतो. शिवाय त्या मुलासाठी आहेत, तुम्ही घेऊ नका.

वास लावलेला असेलही. पण वीस वर्षं मी नुसत्या वासावरून फोम आणि लॅटेक्स वेगळं सांगतो आहे. या नाकाला कोण फसवणार?

१३ ऑगस्ट

बागेत गेलो! जोरदार चाललो. दारापासून पहिल्या बाकापर्यंत एका दमात. मग श्वासाच्या व्यायामासाठी बाकावर टेकलो. तिथे एक चहावाला येतो. चांगला माणूस आहे. वेळ कसा गेला कळलं नाही.

१८ ऑगस्ट

तीन दिवसांत गुंड्याने काय काय खाल्लं त्याचा तक्ता भरून द्यायचा आहे. त्याने स्वतःच भरून ठेवला होता. वाचून घाम फुटला. क्रीमची बिस्किटं, अख्खा पुडा. पुन्हा क्रीमची बिस्किटं. मधल्या सुट्टीत मित्राचा केक, त्याला आवडत नाही म्हणून. इतकं खरं लिहायची गरज काय? सत्यवादी असावं माणसाने, पण थोडं घरच्यांचंही बघावं.

नवीन कागद घेऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: उकडलेल्या भाज्या, सूप, अर्धं सफरचंद. 'अर्धं' हा शब्द मुद्दाम. त्याने विश्वास बसतो. आणि यात खोटं काही नाही. हे आपण खाणारच आहोत, मी फक्त तारीख जरा अलीकडची टाकली.

२४ ऑगस्ट

हॉस्पिटल. ताईने गुंड्याला वेगळं बसवून काय खाल्लं ते तोंडी विचारलं. घोडं तिथेच अडलं. त्याने बिस्किटांचं नाव, क्रीमचा रंग, सगळं सांगितलं. ताईने आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे तक्ता मुलालाच भरू द्या. आवाज गोड होता, पण आमचे मालकही माल परत घेताना असाच आवाज काढतात.

पण उंची वाढली! जवळजवळ सेंटिमीटरभर! मी म्हटलं, बघा, तेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तेराव्या वर्षी मुलं वाढतातच. संशोधक लोक स्वतःचं श्रेय घेत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

एक गोष्ट लक्षात आली. गुंड्या ताईशी खूप बोलतो. शाळेचं, बास्केटबॉलचं, कुणाचा बूट कसा फाटला त्याचं. घरी विचारलं तर "बरं" आणि "हो" यापलीकडे गाडी जात नाही. वय आहे. माझ्याशीही बोलेल, बारीक झाल्यावर.

१४ सप्टेंबर

निवडीच्या वेळी एकदा बांधला होता तो पट्टा पुन्हा आला. इलॅस्टिकचा, त्याला काडेपेटीएवढं मशीन. आठवडाभर कमरेला बांधायचा, फक्त आंघोळीला काढायचा. माणूस चालतोय, पळतोय, बसलाय की आडवा झालाय, सगळं त्यात साठतं म्हणे. आकडा मात्र दिसत नाही. ताईने गुंड्याला सांगितलं की मागच्या वेळी तुझी रेघ जमिनीलगत होती, या वेळी जरा उडू दे.

गुंड्या आनंदात. या आठवड्यात वर्गावर्गांचे बास्केटबॉलचे सामने आहेत आणि त्याला टीममध्ये घेतलंय म्हणे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. टीममध्ये म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायला, हे बापाला कळतं. बोललो नाही. मुलाचं मन मोडू नये.

पण मला चिंता लागली. रेघ पुन्हा जमिनीलगत आली तर? तो ताईला तोंड कसं दाखवणार?

१५ सप्टेंबर

कल्पना सुचली. कधी कधी स्वतःचं कौतुक वाटतं.

पहाटे गुंड्या झोपेत असताना पट्टा हळूच काढून मी बांधला आणि बागेत गेलो. रक्त एकच, हाडं एक, मग चालणं कुणाचं याने काय बिघडतं? बँकेत मुलाच्या खात्यात बाप पैसे भरतोच ना? तो उठायच्या आत परत बांधायचा, असा प्लॅन. बाकावर जरा उशीर झाला. तिथून थेट दुकानात जावं लागलं. पट्टा शर्टाखाली तसाच.

संध्याकाळी गुंड्या घरभर पट्टा शोधत होता. म्हटलं, चार्जिंगला दिला होता. तो म्हणाला, त्याला चार्जिंग लागत नाही, ताईने सांगितलंय. आजकालच्या मुलांना फार सांगून ठेवतात.

१६ सप्टेंबर

रात्री शांत विचार केला. शाळेत मुलं बाकावर बसून असतात. मी दुकानात दिवसभर उभा, पायाला भिंगरी. मग पट्टा कुणाकडे असायला हवा? गणित सोपं आहे. गुंड्याला सांगितलं, खेळताना तुटेल, हॉस्पिटलची वस्तू आहे, सामने होईपर्यंत माझ्याकडे राहू दे. तो म्हणाला, पण बाबा, खेळतानाच तर तो पाहिजे. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, माझ्यावर सोड.

त्याने सोडलं. एवढा विश्वास हल्लीच्या मुलांत दिसत नाही.

१७ सप्टेंबर

दुकानात सेल. गर्दी. एक आजोबा पाठीच्या गादीबद्दल शंभर प्रश्न विचारत होते. मी स्वतः आडवा होऊन दाखवलं. कुशीवर, पाठीवर, पालथा. पालथा असताना डोळा लागला. उठलो तेव्हा आजोबा बिल करून गेले होते. मालक म्हणाले, तुझी झोप बघून घेतली त्याने. असा सेल्समन होणे नाही. उद्यापासून काचेजवळच्या गादीवर झोपत जा, अकरा वाजता आणि परत चार वाजता. रस्त्यावरून दिसलं पाहिजे.

वीस वर्षांत पहिलं प्रमोशन.

१९ सप्टेंबर

काचेजवळ झोपतो. लोक थांबून बघतात. काल एका बाईने मुलाला दाखवलं. काम जबाबदारीचं आहे, घोरून चालत नाही. गाद्या धडाधड जाताहेत. पट्टा पोटाला काचतो, पण गुंड्यासाठी तेवढं सोसायचं.

गुंड्याचा वर्ग फायनलला गेला म्हणे. मी म्हटलं, शाब्बास, बाटल्या नीट मोजून आण.

 तो ताट तसंच ठेवून उठला. भूक कमी झाली! तेल लागू पडतंय.

२१ सप्टेंबर

पट्टा परत केला. ताई म्हणाली, काय रे, उडाली का रेघ? गुंड्या माझ्याकडे बघत म्हणाला, बाबांना माहीत. मी अंगठा वर केला.

५ ऑक्टोबर

गडबड.

डॉक्टरीणबाईंनी गुंड्याचा आलेख पडद्यावर दाखवला. दिवस शाळेचे. सकाळी अकराच्या सुमारास मुलगा आडवा. दुपारी चार वाजता मुलगा पुन्हा आडवा. रोज. बाकी वेळ बसून. एवढी झोप त्यांनी या वयात पाहिली नाही म्हणाल्या. गुंड्या म्हणाला, मी नाही झोपत. त्या खूप प्रेमाने म्हणाल्या, झोपणाऱ्याला आपण झोपलो ते कळत नाही, बाळा. मग हळू आवाजात त्याला विचारलं, शाळेत कुणी त्रास देतं का, उदास वाटतं का, काही करावंसं वाटत नाही असं होतं का.

गुंड्याने माझ्याकडे बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

मला खोकला आला. खरंच आला. पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा रक्ताच्या तपासण्या, हृदयाची पट्टी आणि एक रात्र वायरी लावून झोपायची टेस्ट असं सगळं ठरून गेलं होतं. गुंड्या सुईला घाबरतो. लहानपणापासून.

सांगणार होतो. पण माणसं भरलेली होती. पुढच्या वेळी निवांत सांगेन. शिवाय तपासण्या फुकट आहेत, बाहेर केल्या तर किती जातील!

७ ऑक्टोबर

बायकोने रात्री विचारलं, हा शाळेत झोपतो हे तुम्हाला पटतं का? म्हटलं, मशीन खोटं कसं बोलेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, ती गेल्यावरही मी दाराकडेच बघत होतो.

८ ऑक्टोबर

हॉस्पिटलातून शाळेत फोन गेला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पन्नास मुलं आहेत, हा शेवटच्या बाकावर, आवाज नाही, डोकं टेकून झोपत असेलही. कुणी सांगावं?

खेळाचे सर घाबरले. तपासण्या चालू आहेत म्हणजे पोराला काहीतरी आहे, मैदानावर पडला तर नोकरी जाईल. रिपोर्ट येईपर्यंत बास्केटबॉल बंद. त्या तासाला गुंड्याने समुपदेशक बाईंच्या खोलीत बसायचं आणि भावनांची चित्रं काढायची.

हे सर मला रस्त्यात भेटले म्हणून कळलं. तेच म्हणाले, वाईट वाटतं हो, फायनल याच्या जिवावर काढली आम्ही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळत होता. बास्केटखाली उभा राहिला की कुणाला हलवता येत नव्हता, आणि निघाला की कुणाला सापडत नव्हता. शाळेच्या टीमसाठी त्याचं नाव घेतलं होतं मी.

मी म्हटलं, हो, तो पहिल्यापासून चपळ. 

१२ ऑक्टोबर

रक्त घेतलं. गुंड्या भिंतीकडे तोंड करून बसला. ओरडला नाही. त्याचा हात धरायला मी हात पुढे केला, त्याने तो खिशात घातला.

येताना रिक्षात मी विचारलं, तू डॉक्टरांना सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, मला वाटलं तू सांगशील.

रस्त्याकडे बघत म्हणाला. 

ठरलं. उद्या सांगायचं.

१३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई परगावी.

२० ऑक्टोबर

त्या परत आल्या आहेत, पण दुकानात वर्षाचा हिशेब चालू. शिवाय असं कुणी एकदम उठून सांगत नाही. आधी वातावरण तयार करावं लागतं.

२७ ऑक्टोबर

वायरींची रात्र झाली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी. बायको सोबत थांबली. सकाळी म्हणाली, त्याने रात्री फक्त एकदाच काही विचारलं. विचारलं की शाळेची टीम सोमवारी ठरते, तोवर रिपोर्ट येतील का?

सोमवार तीन दिवसांवर.

आता नाही तर कधीच नाही. कपडे इस्त्री केले.

२८ ऑक्टोबर

सगळं लिहितो, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

गुंड्याला घेऊन गेलो. त्याच्यासमोरच बोलायचं ठरवलं होतं, त्याला बरं वाटेल म्हणून. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पट्टा मी घातला होता. झोपणारा मी. मुलगा तेव्हा पळत होता. त्याला खेळू द्या, आजच शाळेत फोन करा.

गुंड्या सरसावून बसला. पहिल्यांदाच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मुलांसाठी आई-वडील बरंच काही बोलतात, मी समजू शकते. मी म्हटलं, खरं सांगतोय. त्या म्हणाल्या, उकडलेल्या भाज्याही खऱ्या होत्या.  पण मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुम्ही घातला असं धरू. सांगा बरं, दिवसभरात काय काय करत होता? मी सांगितलं. अकरा आणि चारची झोप, काच, मालक. त्या आलेखावर बोट फिरवत होत्या, मान हलवत होत्या. जुळत होतं! ताईसुद्धा मागे येऊन उभी राहिली.

मग विचारलं, सकाळी?

मी म्हटलं, सकाळी बागेत जोरदार चालणं. रोज. न चुकता.

बोट थांबलं. त्या म्हणाल्या, इथे सकाळी सगळे दिवस बसलेलं दाखवतंय. जेमतेम थोडं चालणं, मग बसणं.

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की हो, मी बाकावर बसतो. चहा पितो. चालत नाही. इतकंच. गुंड्या माझ्या तोंडाकडे बघत होता. ताई बघत होती. जिने त्याच्या आणि माझ्या पोटांकडे एकाच नजरेने बघितलं आहे, ती ताई. आणि मी म्हटलं, मशीनमध्ये बिघाड असेल, मी चालतो म्हणजे चालतो.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं. मग सावरायला आणखी बोललो. किती फेऱ्या, कुठला रस्ता. जेवढं बोललो तेवढा रुतत गेलो. हात दाखवून अवलक्षण.

बाई म्हणाल्या, मशीनमध्ये बिघाड असेल तर झोपही खोटी, आणि मशीन बरोबर असेल तर तुम्ही घातलेलं नाही. यातलं एक काहीतरी धरावं लागेल. मग मऊ आवाजात म्हणाल्या, रिपोर्ट येऊ द्या. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे.

गुंड्या पुन्हा मागे टेकून बसला. दारातून बाहेर पडताना तो म्हणाला, राहू दे, बाबा. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर

पहाटे बागेत गेलो. खरोखर चालायचं, मग जाऊन सांगायचं. दुसऱ्या फेरीत धाप लागली. बसलो. चहावाल्याने न विचारता कप पुढे केला.

३० ऑक्टोबर

टीम ठरली.

४ नोव्हेंबर

शाळेत जाऊन खेळाच्या सरांना सगळं खरं सांगितलं, बाकासकट, चहासकट. ते म्हणाले, अहो, मला आधी सांगायचं ना. आता नावं वर गेली. पुढच्या वर्षी बघू.

हे मी हॉस्पिटलात सांगितलं असतं तर, हा विचार येतो. येऊ देत नाही.

१६ नोव्हेंबर

रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल! रक्त चांगलं, हृदय चांगलं, झोप चांगली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, त्या आठवड्याचे आकडे आम्ही धरणार नाही, वगळले. मुलाला हवं ते खेळू द्या. उंची आणखी वाढलीय. खरं तेल होतं की साधं, ते मी विचारायचंच विसरलो.

दुकानातून लवकर निघालो. वाटेत नवीन बास्केटबॉल घेतला. महागातला. घरी जाऊन त्याच्या खोलीचं दार उघडून मोठ्याने म्हटलं, राजे, उठा, परवानगी आली!

चार वाजले होते. गुंड्या पलंगावर आडवा. गणवेशातच. बायको म्हणाली, हल्ली शाळेतून आला की असाच पडतो, तुम्ही त्या वेळी दुकानात असता.

मी बॉल त्याच्या पायाशी ठेवला. म्हटलं, चल, खाली जाऊ. मीही येतो. त्याने बॉल हातात घेतला, थोडा फिरवला, परत ठेवला. म्हणाला, नको. आता सवय गेली.

मी म्हटलं, अरे, मशीन चुकलं होतं, डॉक्टरांनीच मान्य केलं.

तो म्हणाला, नाही बाबा, मशीन बरोबरच होतं. जरा आधी सांगितलं त्याने, एवढंच.

रागाने नाही म्हणाला. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाला, आणि कुशीवर वळला.

मी कडेला बसलो. उद्यापासूनचा संकल्प सांगणार होतो, पण बॉल तेवढा उचलून मांडीवर घेतला.  आतून बायकोने चहाला हाक मारली. परत मारली. दोघांतलं कुणीच उठलं नाही.